लंबूरावांना पाणी घालू नये

४ जानेवारी

आज लंबूरावांनी छप्पर फोडलं.

गेली चार-पाच वर्षं त्यांची पानं वरच्या काचेला टेकून वाकत होती आणि मी रोज मान वर करून म्हणत होते, बाबा रे, जरा दमानं घे. आज सकाळी कुलूप काढून आत पाऊल टाकलं तर पायाखाली करकर वाजलं. वर बघते तर एक पान काचेतून आरपार बाहेर, गार वाऱ्यात मजेत हलतंय. मग आजूबाजूला कोणी नाहीसं बघून मी टाळ्या वाजवल्या. छप्पन्न वर्षांची बाई, काचघराची प्रमुख, एकटीच उभी राहून टाळ्या वाजवतेय! नशीब कोणी पाहिलं नाही.

दुपारी तिकीट काढून आलेले एक गृहस्थ म्हणाले, "काय उंच ताड आहे हो!" झालं, माझं डोकं फिरलं. म्हटलं, अहो, हा ताड नाही, माडही नाही, हा सायकॅड. जगात पहिलं फूल उमललं त्याच्या कितीतरी आधीपासून याचं घराणं उभं आहे. तेव्हा गवत नव्हतं, तुम्ही-आम्ही तर नव्हतोच नव्हतो. आणि त्या सगळ्या घराण्यात याची जात सर्वांत उंच. हा आत्ता दुमजली घराएवढा दिसतोय ना, याच्या रानात याचे भाऊबंद दुप्पट होतात. खोडावर हे खवले दिसतात ती एकेका पानाच्या देठाची खूण. आजवर जेवढी पानं आली नि गेली, तेवढ्या सगळ्यांची आठवण त्यानं अंगावर ठेवलीय. वर्षाला बोटभर वाढतो, कधी तेवढाही नाही. आता वयाचा अंदाज तुम्हीच करा.

गृहस्थ म्हणाले, "हो का? मग नारळ कधी लागतात?"

मी आत जाऊन पाणी प्यायले.

लंबूराव हे नाव माझ्याही आधीचं. खरं तर राव आहेत की बाई, ते कोणालाच ठाऊक नाही. यांच्यात नराचं झाड वेगळं, मादीचं वेगळं, आणि शंकू धरल्याशिवाय कळायला मार्ग नाही. आमच्याकडे आल्यापासून यांनी एकदाही शंकू धरलेला नाही. मी तरुणपणी रुजू झाले तेव्हा त्यांच्याखाली उभी राहिले होते आणि अंगावर काटा आला होता. अजून येतो. लोक देवळात जातात, मी कामावर जाते.

९ जानेवारी

संचालकांच्या खोलीत दोन तास. जुनं काचघर पाडायचं हे नक्की. लोखंड गंजलंय, काचा पडायला लागल्यात, उद्या कोणाच्या डोक्यात पडली तर? बागेच्या पलीकडच्या टोकाला नवं, उंच काचघर होतंच आहे. प्रश्न एकच, लंबूरावांचं काय.

संचालक वाईट माणूस नाहीत. सदानकदा घशाची गोळी चघळत असतात, त्यामुळे कडक बोलले तरी गोडसर ऐकू येतं. म्हणाले, "कापू या. त्याच जातीचं लहान रोप लावू."

"लहान रोप एवढं व्हायला तुमचे पणतू म्हातारे व्हावे लागतील," मी म्हटलं. "हलवू या."

"एवढं धूड? हलवल्यावर जगेल?"

मी सांगितलं. याची सगळी पानं उतरवायची, मुळं छाटायची, नुसतं खोड उचलायचं. दुसरं कुठलंही झाड यात मरेल. हा मात्र पोटात साठवलेल्यावर महिनोन्‌महिने झोपून राहतो आणि मनात आलं की एका दमात सगळी पानं काढतो. संचालक गोळी या गालातून त्या गालात फिरवत राहिले.

"आणि नाहीच मनात आलं तर?"

"तर ते कळायलासुद्धा वर्ष लागेल," मी खरं ते सांगून टाकलं. माझी जीभ म्हणजे माझी वैरीण.

ठरलं ते असं. एक डिसेंबरला नव्या काचघराचं उद्घाटन. पाहुण्यांसमोर मधोमध मेलेला खांब नको. आदल्या आठवड्यापर्यंत हिरवं दिसलं नाही तर करवत. आणि करवत चालेल तेव्हा मी स्वतः समोर उभं राहायचं. मी "मान्य" म्हणून बाहेर आले.

१२ जानेवारी

छकुली आली. दोन बॅगा घेऊन, न कळवता. दारात म्हणाली, "आई, मी काही दिवस इथे राहते." जावई नाहीत बरोबर. मी विचारलं काय झालं, तर म्हणाली, "काही नाही, संपलं." आणि जाऊन आपल्या जुन्या खोलीत झोपली.

एकतीस वर्षांची पोर. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये काम करायची, तेही सोडून आलीय. लोकांना दात देते आणि स्वतःच्या तोंडातून शब्द काढत नाही. मी तीनदा दार उघडून बघितलं. चौथ्यांदा गेले तर ह्यांनी मला हाताला धरून बाहेर आणलं. ह्यांना काळजीच नाही कशाची. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, त्यामुळे वाटतं, उत्तर आपोआप शेवटच्या ओळीत येतं.

२० फेब्रुवारी

आठवडाभर खणतोय. माळीकाका खड्ड्यात, मी काठावर. आज काका ओरडले, "बाई, रोग लागलाय याला!" धावत गेले. मुख्य मुळांपासून वर, थेट मातीच्या पृष्ठभागाकडे आलेले गाठीगाठींचे झुपके. काकांनी कोयता उगारलेला. मी अक्षरशः अंगावर ओरडले.

मग एक गाठ नखानं मोडून दाखवली. आत हिरवट-निळी गोल रेघ, बांगडीसारखी. ते शेवाळाचे जीव. ते हवेतून खत बनवतात आणि झाडाला देतात. झाड त्यांना घर देतं. म्हणून तर इतर मुळं खाली जातात आणि ही वर, उजेडाकडे येतात. काका बराच वेळ ती गाठ तळहातावर घेऊन बसले. "म्हणजे यानं भाडेकरू ठेवलेत," म्हणाले. "आणि भाडं वेळेवर येतंय," मी म्हटलं. दोघंही खूप हसलो, पण मला खरं तर रडू येत होतं. हे सगळं आम्ही तोडणार होतो.

घरी छकुली जेवली नाही नीट. मी सूप केलं, फळं कापली, अंडं उकडलं, दूध दिलं. तिच्या मैत्रिणीला फोन केला. तिच्या जुन्या लॅबच्या मालकांनाही केला. कळल्यावर छकुलीनं खोलीचं दार लावून घेतलं. कडी आतून.

३ मार्च

पानं उतरवली. मला वाटलं होतं एकदोन मी कापेन, पण हात उचललाच नाही. काकांनी कापली. एकेक पान खाली येताना ओला कपडा झटकल्यासारखा आवाज. काटा एकाही पानाला नाही. एवढा पुरातन जीव आणि अंगावर एक शस्त्र नाही. शस्त्र सगळं आत, विष आहे त्याच्यात, बियांत तर भरपूर. म्हणून शहाणी जनावरं याच्या वाटेला जात नाहीत.

संध्याकाळी नुसता बोडका खांब उरला. त्याच्याकडे बघवेना. तिकीटवाल्या बाई खिडकी सोडून आल्या आणि पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "काय दशा केलीत हो त्यांची."

११ मार्च

आजचा दिवस मी मेले तरी विसरणार नाही.

क्रेनवाला पहाटेच आलेला. उंचीनं ठेंगू, मानेभोवती मफलर. लंबूरावांच्या भोवती तीनदा फिरला, खोडाला हात लावला आणि विचारलं, "हे जिवंत आहे?" मी म्हटलं, "तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त." त्यानं मफलर काढून पट्ट्याखाली घातला, खवले घासले जाऊ नयेत म्हणून. त्या क्षणी मला तो माणूस सख्ख्या भावासारखा वाटला.

छप्पर आधीच काढलं होतं. पट्टे ताणले, लोखंड कण्हलं, आणि लंबूराव जमिनीवरून सुटले. जरासेच सुटले, आणि सगळी बाग गप्प झाली. कोणी तरी कित्येक पिढ्यांत पहिल्यांदा पाय उचलला होता! आभाळात ते सावकाश आडवे झाले आणि आमच्या डोक्यांवरून निघाले, एवढे मोठे, एवढे हळू, मुळांतून माती झिरमिर खाली सांडत. फिरायला आलेली माणसं जागच्या जागी थांबली. एका बाईंनी कडेवरच्या बाळाचं टोपडं काढलं, वर बघता यावं म्हणून. मी चालत होते खालून, मान वर, तोंड उघडं. तोंडात माती गेली. थुंकले नाही.

नव्या काचघरात, मधोमध, वाळू आणि दगडी चुऱ्याच्या वाफ्यात उभे केले. चार बाजूंनी पोलादी तारांचे ताण दिले. वर अजून दोन मजल्यांची मोकळी हवा आहे आणि भोवती गोल सज्जा. मी लंबूरावांना म्हटलं, घ्या, आता फोडा छप्पर काय फोडायचं ते.

मग पाटी लावली, मोठ्या अक्षरांत: लंबूरावांना पाणी घालू नये. सगळ्यांना उभं करून बजावलं, अगदी संचालकांनासुद्धा. मुळं नाहीत. पाणी पिणार कशानं? ओल राहिली की बूड सडेल. त्याला एकच औषध, ते म्हणजे त्याला एकटं सोडणं. कळलं का? सगळे "हो हो" म्हणाले.

१९ एप्रिल

काही नाही. खांब. मी रोज शिडी लावून शेंडा बघते. तपकिरी लव, घट्ट मिटलेली. गुडघे बोलायला लागलेत.

छकुलीचंही तसंच. आज तिला म्हटलं, केस धू, बाहेर जा, माझ्याबरोबर बाजारात चल, निदान खिडकी उघड. तिच्या नवऱ्याला फोन करावा का, असंही विचारलं. ती म्हणाली, "आई, मला थोडं नुसतं राहू दे ना." नुसतं म्हणजे काय? नुसतं राहून कोणाचं भलं झालंय? मी दूध गरम करून ठेवलं उशाशी.

८ मे

वास आला.

दार उघडताच आला, आंबूस, जुन्या बटाट्याच्या पोत्यासारखा. वाफ्यात हात घातला. वर कोरडं ठणठणीत, आणि कोपरापर्यंत आत गेल्यावर गार ओल. मी तिथेच वाळूत बसले.

सगळ्यांना बोलावलं. विचारलं, कोणी घातलं पाणी? मग माळीकाकांनी मान खाली घातली. "सकाळी एक झारी फक्त, बाई. चाळीस वर्षांची सवय. कोरड्या वाफ्यावरून पुढे पाऊल पडत नाही."

तिकीटवाल्या बाई हुंदके द्यायला लागल्या. "माझ्या बाटलीत उरलेलं असायचं हो, घोटभर. वाटायचं, बिचारे एकटेच."

मी हताशपणे संचालकांकडे बघितलं. त्यांनी तोंडातली गोळी कडकन चावली. "संध्याकाळच्या फेरीला," ते म्हणाले. "पण थोडंच."

म्हणजे प्रत्येकजण चोरून, प्रत्येकाला वाटतंय आपण एकटेच! पाटी वाचता येत नाही असा त्यांत एकही नाही. मी अशी तडकले की विचारता सोय नाही. म्हटलं, तुम्ही पाणी घालणाऱ्यांची जात आहात, तुमच्या हातून प्रेमानं मरेल तो. म्हटलं, तुम्ही त्याच्यासाठी घालत नव्हतात, तुमच्या जिवाला बरं वाटावं म्हणून घालत होतात. संचालकांनासुद्धा हे तोंडावर बोलले.

एवढ्या जणांत मीच काय ती नियम पाळणारी. मी फक्त संध्याकाळी खोड ओल्या फडक्यानं पुसत होते. ते वेगळं.

१० मे

क्रेनवाल्याला पुन्हा बोलावलं. आला, काही विचारलं नाही. लंबूरावांना आडवं केलं. बूड काळं, बोट घातलं की आत जात होतं.

एकच उपाय. सडलेलं कापत जायचं, निरोगी लागेपर्यंत. लागलंच नाही तर संपलं. करवत मी धरली. या वेळी हात उचलला.

पहिली चकती, सगळी तपकिरी. दुसरी, मधे पांढरा ठिपका, बाकी तपकिरी. काका म्हणाले, "बाई, किती कापणार?" तिसरी. चौथी. संचालक कोट काढून, गुडघ्यांवर बसून चकत्या बाजूला करत होते, हात चिकट झालेले. पाचव्या चकतीला करवतीचा आवाज बदलला. खरखर गेली, भरीव आवाज आला. चकती पडली आणि आत पांढरंशुभ्र, कडेपासून कडेपर्यंत, ओल्या खोबऱ्यासारखं. आम्ही बघत असतानाच त्या पांढऱ्यावर सगळीकडून डिंकाचे थेंब उभे राहिले, पाण्यासारखे स्वच्छ. मुळं नाहीत, पानं नाहीत, खालचा भागही आता नाही, आणि हा आतून जखम बांधतोय!

क्रेनवाल्यानं माझ्या हातातली करवत हळूच काढून घेतली, तेव्हा कळलं की मी ती घट्ट धरून उभी आहे.

गंधकाची पूड लावली. आता महिनाभर सावलीत, वाऱ्यावर, आडवा. मग पुन्हा उभा.

११ मे

जेवताना घरी सगळं सांगितलं. कसं प्रत्येकानं चोरून पाणी घातलं, मी काय काय सुनावलं. "मी म्हटलं, अरे, त्याला तुमचं प्रेम नकोय, त्याला कोरडी जागा हवीय! त्याच्यापाशी जे आहे त्यावर जगेल तो, तुम्ही आधी बाजूला व्हा!"

छकुलीनं चमचा खाली ठेवला आणि हसायला लागली. जानेवारीपासून पहिल्यांदा. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हे ताटात बघून हसत होते. मी म्हटलं, यात हसण्यासारखं काय आहे? झाड मरता मरता वाचलंय! तर दोघं आणखीच. बापलेक सारखेच. पण हसली, हे काय थोडं झालं? मी तिला आणखी वाढलं.

१५ जून

लंबूराव पुन्हा उभे. हातभर कमी झालेत.

राखणीला कोण, हा प्रश्न. काकांवर माझा भरवसा नाही, बाईंवर नाही, संचालकांवर तर मुळीच नाही. घरी हे बोलत होते तर छकुली म्हणाली, "मी बसते. मला त्याची दया येत नाही."

कसलं बोलणं हे! पण बाहेर तरी पडेल, म्हणून मी हो म्हटलं.

२ जुलै

छकुली रोज येते. खुर्ची टाकून बसते. काय करते? काही नाही. वाचते, कधी नुसती बसते. कोणी झारी घेऊन रेंगाळलं की पुस्तकातून मान वर करते, बस्स. काका म्हणतात तिची नजर माझ्यासारखी आहे. तिच्याशी तिथे कोणी बोलत नाही, सगळे खांबाकडे बघत असतात. मी दर तासाला जाऊन विचारते, खाल्लंस का, पाठ दुखतेय का, तर म्हणते, "आई, तू पाटी वाच." पाटी लंबूरावांची आहे, तिचा इथे काय संबंध?

मी डबा पाठवला तर भरलेला परत. दुसऱ्या दिवशी तिनं स्वतः पाव आणला, अर्धा काकांना दिला.

२८ ऑगस्ट

छकुलीनं शिडीला कुलूप घातलं. म्हणाली, महिन्यातून एकदा चढायचं. मी प्रमुख! माझी शिडी! काका तोंड फिरवून हसत होते. तिनं खुर्चीही वर सज्जात नेली, तिथून शेंडा समोर दिसतो म्हणे. तेवढे जिने माझ्या गुडघ्यांना झेपत नाहीत, हे तिला चांगलं ठाऊक आहे.

३० सप्टेंबर

शिडीवरून पाहिलं. तपकिरी लव, मिटलेली. हलवून बघितलं, घट्ट आहे. घट्ट म्हणजे जिवंत. किंवा वाळलेली.

२६ ऑक्टोबर

संचालकांनी बोलावलं. चोवीस नोव्हेंबरला करवतवाला सांगून ठेवलाय. माझ्याकडे न बघता बोलत होते. मी भांडायला तोंड उघडलं आणि बघते तर त्यांचे डोळे लाल. म्हणाले, "माझंही त्यात पाणी आहे, बाई." मी बाहेर आले. शब्द दिला होता तो मीच.

जुन्या काचघराच्या जागी आता सपाट माती आहे. मधे लंबूराव उभे होते ती जागा अजून ओळखू येते. मी तिथे जाऊन उभी राहिले. हलवलं नसतं तर करवत जानेवारीतच लागली असती, हे मला कळतं. पण तेव्हा ते हिरवे तरी गेले असते. डोकं नुसतं भणभणतंय. एवढा जीव, समुद्र हलले, डोंगर उठले, प्राणी आले नि गेले, त्यातून याचं घराणं तरलं, आणि याच्यावर वेळ यावी ती आमच्या झारीची.

१२ नोव्हेंबर

झोप नाही. परवा छकुलीला विचारलं, काही दिसतं का ग वरून? ती म्हणाली, "आई, शिडीचा दिवस महिनाअखेर." महिनाअखेरीला असेल काय तिथे? हिला काळीज आहे की नाही? मी रागानं बोलले नाही तिच्याशी दोन दिवस. तिला फरक पडलेला दिसला नाही. उलट शीळ घालत होती.

२० नोव्हेंबर

दुपारी छकुलीचा फोन. "आई, वर सज्जात ये. एकटी ये. कोणाला सांगू नकोस."

मी जिने कसे चढले मला माहीत नाही. गुडघे होते की नव्हते तेही आठवत नाही. वर पोचले, वळले.

लंबूरावांनी पानं काढली होती. एक नाही, दोन नाही, सगळी! एकाच वेळी, गोल, शेंड्यातून सरळ वर, माझ्या हाताएवढी उंच, आणि असा हिरवा रंग मी जन्मात पाहिला नव्हता, ओला, फिका, आतून उजेड लावल्यासारखा. अंगावर बारीक लव. पात्या अजून एकमेकींना बिलगलेल्या. कुठल्या मुळावर? कुठल्या पाण्यावर? मुळं असतील फुटली खाली, कोणाला न सांगता. त्या बोडक्या, कापलेल्या, मेलेल्या खांबात हे सगळं घडी घालून ठेवलेलं होतं आणि आम्ही त्याच्याभोवती पाटी लावून, भांडून, रडून फिरत होतो! माझ्या तोंडून नुसतं "अगं बाई, अगं बाई" निघत होतं. दुसरं काही सुचेचना.

कठडा आणि पान यांत हातभर अंतर. माझा हात आपोआप पुढे गेला. छकुलीनं मनगट धरलं.

"आई, नको. कोवळी असताना हात लागला तर डाग कायमचा राहतो. तूच सांगितलंयस."

"कधीपासून?" मी विचारलं.

"दहा-बारा दिवस झाले."

मी उसळले. "दहा-बारा दिवस! मी रात्र रात्र छताकडे बघत पडले होते आणि तू शीळ घालत होतीस?"

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस?" ती शांतपणे म्हणाली. "तासातासाला शिडी. हलवून बघणं. संचालक, काका, बाई, सगळ्यांना वर आणणं. फोटोवाले. फडकं."

पण त्यातलं एकही खोटं नव्हतं. फडकं तर माझ्या खांद्यावरच होतं.

मग कठड्याला टेकून दोघी उभ्या राहिलो. खाली काका वाळू सारखी करत होते; बुंध्याशी उभं राहून शेंड्यातलं काही दिसत नाही, त्यांना काही पत्ता नव्हता. मी करवतवाल्याला तिथूनच फोन करून नको म्हणून सांगितलं. संचालकांना उद्या सांगेन, आजचा दिवस हे आमच्या दोघींचंच. पानं हलत नव्हती, तरी मला वाटत होतं आम्ही बघत असतानाच ती वाढतायत. मी रडत होते. छकुलीनं माझ्याकडे बघितलं नाही, आणि कोणास ठाऊक का, मला त्याचं फार बरं वाटलं.

पानांवरून नजर न काढता ती म्हणाली, "आई, एका लॅबमध्ये काम मिळालंय. लांब आहे, दुसऱ्या गावी. मीच शोधलं. एक तारखेपासून तिथे खोलीही घेतलीय. उद्घाटनाला नसेन मी."

माझ्या मनात एकदम सगळं उठलं. कसली खोली, शेजार कसा, जेवणाचं काय, आजारी पडलीस तर कोण बघेल, त्या लॅबचा मालक माणूस कसा आहे, मी येऊ का दोन दिवस लावून द्यायला. सगळं ओठांशी आलं. मी तोंड उघडलं, समोर ती पानं होती, आणि तोंडातून एवढंच आलं, "बरं."

ती पुढचं ऐकायला थांबली. मी आणखी काही बोलले नाही.

मग तिनं माझं मनगट सोडलं. मी हात कठड्यावरच ठेवला.